म्हशीसाठी कॉलेज

बास क्लॅरनेट शिकवणारं कॉलेज कुठं आहे, असं मी ज्याला ज्याला विचारलं त्यानं मला उलट विचारलं, "ते काय असतं?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची. लग्नाच्या बँडमधे मास्तर पुढं चालत काळी, लांब क्लॅरनेट वाजवतात ना, तिचीच थोरली बहीण. उंच, जाडजूड, खाली पितळी वाकडं तोंड, आणि आवाज तिच्याहून पुष्कळ खालचा. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हणजे सनई!" मग माझं डोकं फिरायचं. पुढं पुढं मी समजावणंच सोडून दिलं.

माझे वडील बँडमास्तर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मुकुंदवाडीत त्यांच्या बँडचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं आणि सगळी वाद्यं आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडली. आजोबांनी धर्मांतरानंतर गावची हलगी कायमची खुंटीला टांगली होती. ती गावकीची, हक्क म्हणून बोलवायचे आणि भाकरी टाकायचे. दादांनी शहरात येऊन क्लॅरनेट धरली ती मात्र आपल्या मर्जीनं. "मला कुणी बोलवत नाय, मला सुपारी देतेत," असं ते ठणकावून सांगायचे. बँडचं काम ठरवणं म्हणजे सुपारी. वाजवायचं तर गणवेश घालून, आधी बोली करून. आमच्या आत्याला तरीही ते पटायचं नाही. ती दर भेटीत म्हणायची, "वाजवणं सोडून शाळा धरली आपण, आन् तू पुन्हा तेच फुंकत बसलास."

म्हैस आमच्या घरी आली ती पहिल्या दुष्काळात. वैजापूरकडचा एक बँड मोडला होता. लग्नंच होत नव्हती, झाली तरी घरच्या घरी, चार माणसांत. दादांनी त्यांचं सामान उचललं. ढोल, ट्रम्पेट, झांजा, आणि सगळ्यांच्या खाली एका खोक्यात हे बास क्लॅरनेटचं धूड. त्या बँडमधे ते कुणी वाजवत नव्हतं. वरातीत त्याचा उपयोगच नाही ना! उघड्यावर ढोलताशापुढं त्याचा आवाज ऐकू येत नाही. आमच्या बँडमधल्या लोकांनी फुंकून बघितलं, हसले आणि तिचं नाव म्हैस ठेवलं. मी शाळेत होते. क्लॅरनेट मला दादांनी शिकवलीच होती, पण पोरगी वरातीत जाणार थोडीच. तेव्हा घरी बसणारी म्हैस घरी बसणाऱ्या मला मिळाली.

पहिल्यांदा खालचा सूर नीट लागला तो दिवस मला आठवतो. खोलीत पाण्याचे ड्रम होते, टँकर न आल्यामुळं रिकामे. मी फुंकलं आणि ते सगळे ड्रम आतून घुमायला लागले. आई चुलीजवळून ओरडली, "काय पडलं गं?" मी म्हटलं, काही नाही, मी आहे. त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं. लोक म्हणतात ना, वेड लागलं. लागलंच होतं. अजून आहे.

बारावी झाल्यावर घरात मी सांगून टाकलं की मला ह्याचीच डिग्री करायची. आत्यानं कपाळाला हात लावला. आई म्हणाली, डी.एड. कर, मग दिवसभर वाजव. दादा तेवढे म्हणाले, "आसंल कुठंतरी कॉलेज. शोधू." आणि आमची शोधाशोध सुरू झाली. उंटावरचे शहाणे गल्लोगल्ली भेटले.

शहरातल्याच एका कॉलेजात संगीत विभाग होता. तिथल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, गायन, तबला, हार्मोनियम आणि कथक, ह्यातलं काय? मी म्हटलं, ह्यातलं काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मग इथं कशाला आलीस?" बरोबरच होतं म्हणा. पण दादा हट्टाला पेटले. त्यांनी आत जाऊन सरांना गाठलं, म्हणाले, एकदा ऐका तरी. सर भले होते. त्यांनी हार्मोनियम ओढली, म्हणाले, लाव सूर. मी लावला. त्यांनी काळी एक दाबली, जुळेना. पांढरी दोन दाबली, तरी जुळेना. सूर दोन्हीच्या मधेच कुठंतरी लोंबकळत होता. सर म्हणाले, "मुली, तू बेसूर आहेस." मी आयुष्यभर दादांच्या बँडशी सूर जुळवत आलेली. मला बेसूर? मी फटकन म्हणाले, "तुमची पेटी उतरली असेल, सर." ते हसले. "नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणाले आणि भाता बंद केला. परतीच्या वाटेवर रिक्षात दादा आणि मी, दोघांनी मिळून त्या पेटीला यथेच्छ शिव्या घातल्या.

मग करिअर मेळावा झाला. बायपासच्या पलीकडं, जिथं मी लहान असताना ज्वारीची शेतं होती, तिथं आता एकाला लागून एक लॉन्स उभी राहिली होती. लग्नासाठी हिरवंगार गवत. आणि आमच्या गल्लीत टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या बाया. त्यातल्या एका लॉनवर मेळावा. जिकडं तिकडं इंजिनिअरिंग, हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग. एका टाय लावलेल्या माणसानं माझं सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "ॲनिमेशनला टाकू का?" मी विचारलं, त्यात बास क्लॅरनेट कुठं येतं? तो म्हणाला, "मॅडम, आजकाल सगळं कॉम्प्युटरवरच वाजतं." दादांनी मला हाताला धरून बाहेर आणलं, नाहीतर मी त्याच्या टेबलावरचं पाणी त्याच्या टायवर ओतणार होते. पाणी महाग होतं म्हणून वाचला.

नेटकॅफेत बसून परदेशातली कॉलेजं बघितली तेव्हा तर रडूच आलं. तिथं खरंच असायची की हो अशी डिग्री! स्वच्छ लिहिलेलं, बास क्लॅरनेट. मी ते पान कितीदा वाचलं असेल. खाली अट होती, वाद्य अमक्या खालच्या सुरापर्यंत जाणारं हवं. माझी म्हैस त्याच्या अलीकडंच संपायची. जुन्या घाटणीची होती ती. फीचं तर मी पुढं वाचलंच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात एक संस्था सापडली. पाश्चात्त्य संगीताची. तिथं साध्या क्लॅरनेटची डिग्री होती आणि शिकवणारे सर बास क्लॅरनेटही वाजवत. मी फोन केला. पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, पलीकडच्या माणसानं "ते काय असतं" असं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "तुझ्याकडं कुठली आहे?" दादा शेजारी उभे राहून खुणा करत होते, बोल, बोल. सर म्हणाले, परीक्षेला ये, पियानोबरोबर वाजवायचंय. पियानोचं वाजवलेलं पाठवतो, घरी त्याच्यावर तयारी कर. नोटेशन मला यायचं नाही, आमच्याकडं सगळं ऐकून बसवायची रीत. ते मी पुस्तकं आणून, डोकं आपटून शिकले. त्याची मला भीती नव्हती.

पियानो मोबाईलवर आला. आम्ही खोलीत बसलो, मी म्हैस उचलली, दादांनी मोबाईल डब्यात उभा केला म्हणजे आवाज मोठा येईल. आणि पहिल्याच सुराला दोघांचेही दात आंबले. पियानो खाली, मी वर. फरक अर्ध्या सुराच्याही अर्धा, पण असा की सहनच होईना. दादांनी मोबाईल हातात घेतला, उलटसुलट केला आणि गंभीरपणे म्हणाले, "चार्जिंग कमी आसंल. त्यानं सूर उतरला."

आम्ही तो चार्ज केला! आता हसू येतं. पूर्ण चार्ज करून पुन्हा लावला. तसाच. मग शेजारच्यांचा नवा मोबाईल आणला. तोही उतरलेला. दादा म्हणाले, आजकालचा मालच खराब. कंपनीत कामाला जाणारा शेजारी होता, तो म्हणाला, मास्तर, सूर मोजायचं ॲप असतंय, थांबा. त्यानं ते लावून दिलं. मी वाजवलं, काटा उजवीकडं कलला. दादांनी आपली क्लॅरनेट वाजवली, काटा तिथंच कलला. बँडमधले दोघंतिघं बोलावले, ट्रम्पेट, दुसरी क्लॅरनेट. सगळ्यांचा काटा उजवीकडं. आम्ही सगळे एकमेकांशी अगदी जुळलेले आणि सगळे मिळून बाकीच्या जगापेक्षा चढे.

मग हळूहळू उलगडा झाला. बँडमधली जुनी वाद्यं सगळी लष्कराच्या मोडीत निघालेल्या बँडांची. त्या काळी सूर चढाच लावायचे म्हणे. नवं वाद्य घेतलं तरी जुन्याशी जुळवून घ्यायचं, ही आमच्या धंद्याची पद्धत. पण म्हैस तर तशी नव्हती. घाट जुना असला तरी मला ती नवीनच असल्यासारखी आठवत होती. मी दादांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"ती आली तवा खाली वाजायची," ते म्हणाले. "आपल्यात बसंना. मग मीच तिची मान कापून आणली."

मान म्हणजे वरची वाकडी पितळी नळी, जिच्या टोकाला फुंकायचं. सिटी चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी ती बोटभर कापून घेतली होती, माझ्या हातात द्यायच्या आधी. नळी आखूड झाली की सूर चढतो. माझ्यासाठीच केलं होतं त्यांनी ते, घरच्या तालमीत मी बँडबरोबर बसावं म्हणून, माझा सूर त्यांच्या सुराला लागावा म्हणून. आणि मी तिथं उभी राहून ओरडले, "अहो दादा, कापायच्या आधी कुणाला विचारायचं तरी!" दादा म्हणाले, "कुणाला विचारणार बाई? कोण होतं?"

खरंच कोण होतं? पेटीवाले सर? टायवाला? सगळ्या शहरात, सगळ्या मराठवाड्यात म्हणा ना, हे वाद्य ओळखणारं एक माणूस असतं तर ती मान शाबूत राहिली असती. मला आजही राग येतो तो ह्याचाच.

दादा दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडं गेले. "हौ मास्टर, जोड देतूं," म्हणून त्यानं पितळी नळीचा तुकडा झाळून दिला. डाग दिसायचा, पण काटा मधे आला. आता झालंच, असं मला वाटलं. मुकुंदवाडी स्टेशनवरून मी आणि दादा गाडीत बसलो ते अगदी खुशीत. आईनं धपाटे दिले होते. म्हशीचं खोकं दादांनी मांडीवर घेतलं, खाली ठेवू दिलं नाही.

परीक्षेत पहिला सूर पियानोला असा लागला की मला रडूच येईल असं वाटलं. आणि मग मी चढायला लागले. मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं कानाला बँडचा सूर, ओठांना त्याच सुराची सवय. वाद्य खाली आलं तर ओठच दाबून त्याला वर ढकलायला लागले. नळीला तुकडा जोडता येतो. ओठाला कुठं जोडणार? सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, आवाज फार सुंदर आहे तुझा, पण तू सारखी वर जातेस. कान जागेवर आण आणि पुढच्या वर्षी ये.

बाहेर दादा व्हरांड्यात बसले होते. त्यांनी विचारलं, "जुळलं का?" मी म्हटलं, "नाही जुळलं." धपाटे तसेच परत आणले.

ते वर्ष पुन्हा दुष्काळाचं. जायकवाडीत पाणी नाही, नळ कधी येईल त्याचा नेम नाही, शहर मात्र बीड बायपासच्या पुढं पुढं सरकत चाललेलं. लग्नं झाली तर डीजेवर. बँडला सुपारीच नाही. बँडमधले काही जण कंपनीत लागले, काही टँकरवर. दादांना वेळच वेळ होता. एक दिवस ते खोलीत आले, आपल्या क्लॅरनेटचा वरचा सांधा बाहेर ओढला, अगदी निसटेल इतका, आणि म्हणाले, "लाव पियानो." तेवढ्यानं भागेना, म्हणून सांध्याच्या जागी लांब नळकांडं करून आणलं. त्यानंही थोडं कमी पडायचं. ते ओठ सैल सोडून उरलेलं भरून काढायचे.

"मी येतो खाली," म्हणाले. "तू माझ्याशी जुळव. मशिनीशी जुळवून कान होत नाय, माणसाशी जुळवून होतो."

वर्षभर आम्ही रोज वाजवलं. सकाळी टँकर यायच्या आधी आणि दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना. ते एक लांब सूर धरायचे, मी त्यात शिरायची. मी चढले की ते थांबायचे, फुंकायच्या टोकाची वेताची पत्ती ओली करायचे, पुन्हा तोच सूर. मी चिडायची, आदळआपट करायची, एकदा तर ओरडले की मसणात जाऊ दे ते कॉलेज. दादा म्हणाले, "जाऊ दे. सूर लाव." आत्या आली की दारातून बघायची आणि म्हणायची, बाप लेक दोघंही कामातून गेले. हळूहळू माझे ओठ सैल झाले. एक दिवस पेटीची पांढरी दोन आठवून मी सूर लावला आणि तो तिथं होता.

पुढच्या वर्षी मी निवडले गेले. तेही बास क्लॅरनेटसाठी नाही हं! तशी डिग्री ह्या देशात कुणाकडं नाही, सर म्हणाले. डिग्री साध्या क्लॅरनेटची, म्हैस जोडविषय म्हणून. इतकी वणवण करून जोडविषय! मी घेतलं. काय करणार?

त्या वर्षी पाऊस बरा होता. रखडलेली लग्नं धडाधड निघाली आणि बँडला सुपाऱ्या आल्या. मी जायच्या आधीची शेवटची वरात आमच्याच भागातली होती. दादांनी गणवेश इस्त्री करून घेतला, क्लॅरनेटला जुना आखूड सांधा परत बसवला. मी आईबरोबर कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. ढोल सुरू झाला, दादांनी नेहमीसारखी मान वर करून पहिली ओळ उचलली, आणि मागच्या दुसऱ्या क्लॅरनेटवाल्यानं त्यांच्याकडं चमकून बघितलं.

दादा खाली वाजवत होते. थोडंसंच. लोकांना कळलं नसेल, पण बँडमधल्या प्रत्येकाला कळलं, आणि मला. त्यांनी ओठ दाबले, सूर चिरकला. पुन्हा खाली आला. नवरदेवाचा कुणी मामा ओरडला, "मास्तर, जोर लावा की!" दादांनी पुन्हा प्रयत्न केला. मग क्लॅरनेट खाली घेतली, ट्रम्पेटवाल्याला खूण केली की तू घे, आणि ती सगळी वरात नुसते हात हलवत पुढं चालत राहिले.

घरी आल्यावर टोपी काढून बसले. मी म्हटलं, दादा, येईल परत, सवय होईल. ते म्हणाले, "नाय बाई. बँडातल्या पोरांचा सूर लई चढा वाटतोय आता. कान ऐकंना." मग हसले आणि आईला म्हणाले, भाकर वाढ.

त्यानंतर वरातीत त्यांनी क्लॅरनेट वाजवली नाही. बँड दुसऱ्या क्लॅरनेटवाल्यानं पुढं नेला, दादा नुसते सोबत जायचे. मी हॉस्टेलवर होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, पत्र्याच्या खोलीतून, लांब सांधा लावलेली क्लॅरनेट मांडीवर घेऊन. बँडमधे त्यांच्या सुरात वाजवणारं आता कुणीच नव्हतं. आधी विचारायचे, "जेवलीस का?" मग म्हणायचे, "बरं, सूर दे."